कहवा न मिळालेला पाहुणा

१

दुपारची झोप आटोपली की काझरूनमधली बडी मंडळी आमच्या कोठीकडे चालू लागत. 'आमच्या' हे आपलं म्हणायला. कोठी इंग्रजांची. इराणच्या आखातावरच्या बुशहर बंदरातून शिराझला चढणाऱ्या त्यांच्या मालाची सोय बघायची आणि वाटेतल्या खानांशी गोड बोलून खेचरांचे तांडे सुखरूप पार करायचे, एवढ्यासाठी त्यांनी इथे एक साहेब बसवलेला. मी त्याचा मुन्शी. साहेबाचं बोलणं मंडळींना सांगायचं, मंडळींचं साहेबाला सांगायचं, आणि दोन्हीकडचा आगाऊपणा मधल्या मध्ये गिळायचा. मिर्झा बहाउद्दीन कुठे राहतो म्हणून विचारा, गावात कुणीही घर दाखवील.

बैठकीची रीत ठरलेली. पाहुणा आला की चहा, मग हुक्का. परत चहा, परत हुक्का. आणि शेवटी छोट्या पेल्यांतून काळा, कडू कहवा. कहवा आला की पाहुण्याने ओळखायचं, आता उठायचं. कुणी कुणाला 'निघा' म्हणायला नको आणि कुणी 'निघू का' विचारायला नको. कितीही मोठा खान असो, पेला रिकामा केला की छातीवर हात ठेवून उभा राहायचाच.

नवा साहेब आला आणि त्याने पहिल्याच आठवड्यात या रीतीवर पाणी ओतलं. टिंडल त्याचं नाव. वयाने कोवळा, मनाने चांगला, पण चांगली माणसंच जास्त घोळ घालतात असा माझा अनुभव आहे. कहव्याचा अर्थ कळला तसा त्याचा चेहरा लाल झाला.

“आलेल्या माणसाला हाकलायला पेय लागतं? मुन्शी, हा तर अपमान झाला. माझ्या घरी कहवा करायचा नाही. ज्याला बसायचंय त्याने बसावं.”

“हाकलायचं नसतं साहेब,” मी म्हटलं. “मोकळं करायचं असतं.”

त्याला ते पटलं नाही. कहवा करणारा मशदी कुर्बान रुसून भांडी घासत बसला आणि बैठकीची पार दैना झाली. कुणाला उठावं कळेना. हाजी रुक्नुद्दीन, म्हणजे आमचे डिंकाचे बडे व्यापारी, एकदा बिचारे दिवस मावळून मगरिबची बांग होईपर्यंत अवघडून बसले आणि उठताना त्यांचा गुडघाच धरला.

माझा धाकटा भाऊ लुत्फअली तेवढा खूश होता. वडील घाटात दरडीखाली गेले तेव्हा तो रांगत होता. मी आणि ननेजान, म्हणजे आमची आई, आम्ही दोघांनी त्याला वाढवला. गोरा, हसरा, आणि बोलण्यात असा गोड की दुकानात उधारी मागायला गेलेला माणूस यालाच चहा पाजून परत यायचा. गप्पांच्या नादातच त्याचं दुकान बुडालं. आता कोठीत रस्त्याच्या वकिलाची जागा निघाली होती. तांड्यांबरोबर जायचं आणि खानांशी बोलणी करायची. ती त्याला मिळावी म्हणून मी रोज त्याला बैठकीला आणत होतो. साहेबाला तो आवडला. मान-पान न कळणाऱ्या त्या पोराने दाढीवाल्यांना ओलांडून लुत्फअलीला थेट माझ्या शेजारी, म्हणजे स्वतःपासून दुसरा, बसवला. मंडळींनी नाकं मुरडली, मी मात्र मनातून सुखावलो.

२

तो पाहुणा नक्की कधी आला हे मला सांगता येत नाही. आमच्या बैठकीच्या दालनाला एका बाजूला रंगीत काचांची मोठी खिडकी आहे आणि दारापासून जितकं लांब तितका मान, अशी भिंतीलगत नमद्यांची, म्हणजे लोकरीच्या जाड बैठकांची, रांग आहे. एका दुपारी मी मान वळवली, तर अगदी दाराशी, जिथे नोकरांच्या ओळखीने आलेला माणूस बसतो, तिथे एकजण बसलेला. जुन्या घाटाची उंच टोपी, प्रवासातला करडा अंगरखा. मला वाटलं, हाजींबरोबर आला असेल. हाजींना वाटलं, माझ्या ओळखीचा असेल. विचारणार कोण? पाहुण्याला 'आपण कोण' विचारणं म्हणजे 'आपण का' विचारण्यासारखंच.

खिडकी त्याच्या पाठीशी यायची, त्यामुळे चेहरा कधी नीट दिसायचा नाही. लाल-निळा उजेड पडायचा आणि मध्ये काळोखी.

मला खटकलं ते त्याचं हुक्का ओढणं. कुर्बानने त्याच्यापुढे हुक्का ठेवला, त्याने नळी तोंडाला लावली, वरचा निखारा छान फुलला. पण गुडगुड ऐकू आली नाही. दालनात इतर हुक्के बेडकांसारखे बोलत होते आणि याचा गप्प. मी कान टवकारून ऐकलं. निखारा फुलायचा, विझायचा, परत फुलायचा. आवाज म्हणून नाहीच.

संध्याकाळी कुर्बानला विचारलं, तर म्हणाला तंबाखू जळून राख झालीय, पण पाणी भरलं तसंच स्वच्छ आहे. मी म्हटलं नळीला कुठे भोक असेल. तो म्हणाला असेल. आम्ही दोघेही शहाणी माणसं.

त्याला उठून जाताना मात्र कुणी पाहिलं नव्हतं.

३

दुसऱ्या दिवशी तो एक जागा वर होता. मग आणखी एक. आता वर सरकणं आपल्यात नवं नाही. शेजारचा माणूस अर्धवट उठतो, छातीवर हात ठेवतो, म्हणतो, 'या ना वर, ही जागा तुमचीच'. दुसरा म्हणतो, 'छे छे, मी इथेच बरा'. असं चार वेळा होतं आणि दोघं होते तिथेच बसतात. 'घ्या' म्हणणारा मनापासून देत नसतो आणि 'नको' म्हणणाऱ्याला ते ठाऊक असतं. यावरच तर आपली दुनिया चाललीय.

हा 'नको' म्हणायचाच नाही.

मी हे डोळ्यांनी पाहिलं ते हाजी रुक्नुद्दीनच्या वेळी. तोवर तो त्यांच्या खालच्या जागेपर्यंत पोचला होता. हाजी सवयीने किंचित उठले आणि म्हणाले, या वर, जागा तुमचीच आहे. तो शांतपणे उठला आणि हाजींच्या जागेवर जाऊन बसला. हाजी अर्धवट वाकलेले, तसेच राहिले. मग खाली सरकून बसले.  असला उद्धटपणा पाहून मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेब तिकडे लुत्फअलीकडून फारसी म्हणी शिकत होता, त्याला पत्ताही नाही.

त्यानंतर हाजी बैठकीला आले नाहीत. खेचरवाल्यांचा मुकादम मुख्तार त्याआधीच यायचा थांबला होता. दाराजवळची जागा त्याची होती. मी समजलो, रुसले. साहेबाने मान-पान सोडला तर माणसं रुसणारच. त्यांची समजूत काढायला निघालो.

४

हाजींच्या घरी बीबी माहरुखने दार उघडलं. हाजींची बायको, ननेजानची लहानपणची मैत्रीण, त्यामुळे माझ्यापुढे पडदा नव्हता. डोळे रडून सुजलेले. मला वाटलं, हाजी अंथरुणाला खिळले. पण हाजी समोरच होते. स्वतःच्या दालनात, अगदी दाराशी, नमदासुद्धा न घेता फरशीवर बसलेले. जोडे पुढ्यात जुळवून ठेवलेले. मी सलाम केला, तर त्यांनी मलाच जागा करून दिली, परक्याला देतात तशी.

“परवापासून असंच,” बीबी हळू आवाजात म्हणाली. “परक्या बाईला म्हणावं तसं मला खानम म्हणतात. म्हणे, फार त्रास दिला तुम्हाला, आता आज्ञा द्या. मिर्झा, चाळीस वर्षांचा संसार, आणि माझा नवरा माझ्याकडे घरी जायची परवानगी मागतोय.”

मी मनाशी म्हटलं, म्हातारपण. ऊन लागलं असेल. अफूची गोळी जरा मोठी झाली असेल. त्यांच्याशी डिंकाच्या भावाबद्दल बोलून पाहिलं. त्यांनी नम्रपणे ऐकलं, मान डोलावली, आणि दाराकडे बघत राहिले. हवं-नको विचारायला नातवंडं आली, तर त्यांचं कौतुक केलं आणि विचारलं, कुणाची ही?

मी बराच वेळ बसलो. मग रीतीप्रमाणे बीबीने मला निरोपाचा कहवा आणला. एक पेला माझ्यापुढे, एक सहजच त्यांच्यापुढे. हाजींचा चेहरा असा उजळला, की मलाही आनंद झाला. त्यांनी तो घोट-घोट संपवला. उभे राहिले. छातीवर हात ठेवून बीबीला म्हणाले, फार सुख मिळालं तुमच्या घरी. जोडे घातले आणि बाहेर पडले.

मी लगेच मागे गेलो. लगेच म्हणजे लगेच. माझा एक जोडा पायात होता आणि एक हातात. त्यांची गल्ली एका बाजूला बंद आहे. दुसऱ्या टोकाला भिस्ती पखाल भरत होता. तो म्हणाला, इकडून कुणी आलं नाही.

हाजी अजून सापडलेले नाहीत. बीबीने विहिरी उपसायला लावल्या.

तिथून मी मुख्तारकडे गेलो. तो तबेल्याच्या दाराशी बसलेला, आपल्याच घराच्या उंबऱ्यावर, लाजत, अवघडून. त्याची म्हातारी शिव्या घालत होती, हा उठून काम का करत नाही म्हणून. गरिबाच्या घरात कहवा कुठून असणार? म्हणून तो अजून तिथे होता.

५

परतताना माझं डोकं चालू होतं. उरलेल्या जागा मी मनात पाहिल्या. हाजींच्या वर काझीचा पुतण्या बसायचा. त्याच्या वर लुत्फअली.

दुसऱ्या दिवशी काझीचा पुतण्या आला नाही आणि त्याच्या जागेवर ती उंच टोपी होती, माझ्या भावाच्या गुडघ्याला गुडघा लावून.

म्हटलं ना, मी शहाणा माणूस. मी कुणाला भुताखेताचं काही सांगितलं नाही. मी एवढाच हिशोब केला की कहवा मिळाल्याशिवाय पाहुणा जात नाही आणि याला तो मिळालेलाच नाही. याला कहवा पाजा, जिथून आला तिथे जाऊ दे. वकिलाची जागा लुत्फअलीला द्यायचं साहेबाने नुकतंच पक्कं केलं होतं. मी साहेबाला सांगितलं, उद्या लुत्फअलीच्या नेमणुकीला सुभेदाराचा माणूस येणार आहे, त्याच्यापुढे कहवा न ठेवणं म्हणजे सुभेदाराच्या तोंडात मारणं. राजकारणाचं नाव काढलं की साहेब ऐकतो. कुर्बानने आनंदाने बिया भाजायला घेतल्या.

लुत्फअलीला म्हटलं, उद्या येऊच नकोस. 

“दादा, माझी नेमणूक आणि मीच नको? साहेब काय म्हणेल?”

त्याचंही बरोबर होतं. मग मी त्याला बजावलं. त्या माणसाने वर यायचं चिन्ह दाखवलं तरी उठायचं नाही, अर्धवटसुद्धा नाही. 'या वर' हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. त्याने हसून कानाला हात लावला. म्हणाला, जागा मिळायच्या आधीच माज आला म्हणतील लोक. मी म्हटलं, म्हणू देत. माझ्या आवाजात काहीतरी असावं, कारण तो हसायचा थांबला आणि त्याने ननेजानच्या डोक्याची शपथ घेतली.

६

त्या दुपारी त्याने शपथ पाळली. चहा झाला, हुक्के झाले. साहेबाने नेमणूक जाहीर केली, सुभेदाराच्या माणसाने मान हलवली, मी भावाच्या अंगावर शाल घातली. शेजारी ती टोपी स्थिर होती. तिच्यापुढच्या हुक्क्याचा निखारा फुलत होता, विझत होता. लुत्फअली पाठीचा कणा ताठ करून बसला होता. त्याच्या कपाळावर घाम आला होता, आणि मान न वळवता तो माझ्याशीच बोलत होता.

कुर्बान कहवा घेऊन आला. मी त्याला डोळ्याने खुणावलं. त्याने सुभेदाराच्या माणसाच्याही आधी पाहुण्यापुढे तबक धरलं. करड्या बाहीतून हात बाहेर आला. साधा हात, नखं कापलेली. पेला उचलला, गेला काळोखात, परत आला तेव्हा रिकामा होता.

तो उठला.

 उठला, म्हणजे जाणार. पाहुणा निघाला म्हणून सगळं दालन उभं राहिलं. साहेबसुद्धा उभा राहिला. लुत्फअली उभा राहिला. त्याच्याही छातीवरचं ओझं उतरलं असावं, कारण त्याचं ते नेहमीचं हसू परत आलं होतं. बसायचं कसं, हलायचं नाही कसं, हे सगळं मी त्याला पढवलं होतं. निरोप कसा घ्यायचा याबद्दल मी काही बोललो नव्हतो. ते काय कुणाला शिकवावं लागतं?

“इतक्यात निघालात?” माझा भाऊ छातीवर हात ठेवून म्हणाला. “तुमच्यासारख्यांनी जायचं, तर आम्ही बसायचं कुठे? घर तुमचंच आहे. माझी जागासुद्धा तुमचीच.”

जिभेवरून आपोआप उतरतं हे. दिवसातून दहादा म्हणतो आपण.

“बरं,” तो पाहुणा म्हणाला.

त्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. मोठा नव्हता. भाजीवाल्याने 'आणखी काही?' विचारल्यावर म्हणावं तसा तो म्हणाला.

मग तो दाराकडे गेला. दारात सगळ्यांचे जोडे होते. त्याने शोधाशोध केली नाही. लुत्फअलीचे हिरव्या कातड्याचे नवे जोडे पायांत घातले आणि बागेतल्या वाटेने फाटकाकडे चालू लागला. मी उंबऱ्यापर्यंत धावलो. तिथून मला त्याची फक्त पाठ दिसली, डाळिंबाच्या झाडांमधून जाणारी. लहानपणी छपरावरून पडल्यापासून माझा भाऊ डावा पाय जरा बाहेर टाकतो. ती पाठ डावा पाय बाहेर टाकत चालली होती. मी जवळजवळ हाक मारली होती, 'अरे लुत्फअली, थांब'.

पण लुत्फअली माझ्या मागे दालनात उभा होता. मी वळून पाहिलं. तो आपल्या जागेवरून खाली आला होता आणि दाराशी बसायला जागा शोधत होता.

७

जोडे चोरीला गेले म्हणून मंडळी हसली. मी त्याला माझे जोडे घातले आणि स्वतः अनवाणी घरी चालत आलो. वाटेत तो माझ्याशी फार अदबीने बोलला. बाजारातल्या छपराचं कौतुक केलं. गाव मोठं देखणं आहे म्हणाला.

दृष्ट लागू नये म्हणून ननेजानने दारातच त्याच्यावरून इस्पंदाच्या बियांची धुरी फिरवली. बाळाची नेमणूक झाली म्हणून भाताला केशर घातलं होतं. तो आत आला, उंबऱ्यालगत फरशीवर बसला, जोडे काढून पुढ्यात जुळवले.

“खानम, फार त्रास घेताय,” तो म्हणाला. “मी निघतोच.”

ती आधी हसली. तो असले चाळे नेहमीच करायचा. मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिच्या हातातला धुरीचा तवा खाली पडला.

मी तिला सगळं सांगितलं. बीबी माहरुखचंही सांगितलं. घरात कहव्याची एक बी येता कामा नये हे दहा-दहा वेळा बजावलं. साहेबाला सांगितलं, भाऊ आजारी आहे. त्याने बुशहरहून डॉक्टर मागवला. डॉक्टरने जीभ बघितली, नाडी बघितली, विश्रांती सांगितली. लुत्फअलीने त्याचेही आभार मानले.

हिवाळा असाच गेला. तो बसून असायचा. पाहुणा कसा पोटभर जेवत नाही, तसा जेवायचा. दोन घास आणि 'पुरे, पुरे'. अंगावर मांस राहिलं नाही. झोपायचा तो भिंतीला टेकून, बसल्या जागीच. दिवसभर आमच्याकडे बघायचा, फार ओशाळून, आणि दुपार कलली की विचारायचा, आता आज्ञा आहे का? मी म्हणायचो, बस रे, घाई काय आहे. मला तेवढंच पुष्कळ होतं. घरी आलं की तो दाराशी दिसायचा. श्वास घेत होता. मला 'मिर्झासाहेब' म्हणायचा, म्हणेना का.

ननेजानला मात्र ते सोसवत नव्हतं. परवा भाकरी थापताना ती म्हणाली, “बहाउद्दीन, रोज माझ्याकडे हात जोडून बघतो तो. माझं पोर. कैदी करून ठेवलाय आपण त्याला.” मी तिच्यावर ओरडलो. जन्मात कधी ओरडलो नव्हतो. म्हटलं, हाजी कुठे गेले ते तुला कळलं का? तो गेला तर कुठे जाईल ते ठाऊक आहे का तुला? ती भाकरी थापत राहिली. मला वाटलं, पटलं तिला.

आज कोठीतून जरा लवकर निघालो. ऊन छान पडलं होतं, गल्लीत बदामाची झाडं फुलली होती. कोपऱ्यावर वळलो आणि वास आला. भाजलेला, कडू. मी स्वतःला सांगितलं, कुणाकडेही असेल, गल्लीत काय आमचं एकच घर आहे का. आणि हे सांगता सांगता मी पळायला लागलो होतो.

दार सताड उघडं होतं. उंबऱ्यापाशी कुणी नव्हतं. जोडे नव्हते. आतल्या अंगाला ननेजान फरशीवर बसली होती, जिथे तो बसायचा तिथेच. रिकामा पेला तिने दोन्ही हातांत धरला होता आणि ती रडत नव्हती. माझ्याकडे तिने मान वर करून पाहिलं.

“जाताना ओळखलं रे मला त्याने,” ती म्हणाली. “ननेजान म्हणाला.”